चेंबरचा बोल्ट

१९७८ साल. दसऱ्याला दोन दिवस राहिले होते. मिस्त्री गाडीखाली उताणे झोपले होते आणि मी त्यांच्या पायांशी बोलत होते, कारण बाहेर तेवढेच दिसत होते.

"मग नक्की ना? दसऱ्याला सकाळी सहाला निघायचं?"

खालून पाना फिरल्याचा आवाज आला.

"अहो, मी विचारतेय."

"ऐकलं की. सहाला म्हंजे सहाला. जरा मागं सर, ऑइल सोडतोय."

बोल्ट सुटला आणि काळं ऑइल धारेनं घमेल्यात पडायला लागलं. गरम ऑइलचा तो वास मला आवडायचा. लग्नानंतर पहिली काही वर्षं आवडत नव्हता. मग कधी आवडायला लागला ते कळलं नाही.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान, श्रीपती लोहार. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला आमचं घर होतं आणि घराला लागून त्यांचं गॅरेज. मी म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवत होते. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, मीही म्हणायचे. ते मला, रागात नसले की, मास्तरीणबाई म्हणायचे.

ज्या गाडीखाली ते झोपले होते ती मुळात रुग्णवाहिका. लिलावात निघालेली. मिस्त्रींनी ती ओढत घरी आणली आणि दोन वर्षं रोजची संध्याकाळ तिच्यात घालवली. आत घडीच्या तीन फळ्या बसवल्या, दोन रुंद आणि एक अरुंद. स्टोव्हसाठी पत्र्याची चौकट केली. वीस लिटरच्या डब्याला तोटी लावली. रस्त्यात भांडी वाजू नयेत म्हणून मांडणीला जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. माझ्यासाठी आरसा लावला, तोही वेणी घालताना मान वाकडी करावी लागणार नाही अशा उंचीवर. गल्लीतली माणसं तिला घरगाडी म्हणायची. आम्ही तिच्यातून जोतिबाला, वाडीला, एकदा गणपतीपुळ्याला जाऊन आलो होतो. समुद्राच्या काठाला गाडी उभी करून मी पिठलं केलं आणि मिस्त्रींनी बाहेर खुर्ची टाकून ते खाल्लं, एवढीच आमची सहल. अरुंद फळी रिकामी असायची. ती कशाला केली म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, "सामान ठेवायला लागती." सामान आम्ही त्या फळीच्या खाली ठेवायचो.

ऑइल बदलायची त्यांची स्वतःची रीत होती. इंजिन आधी अर्धा तास चालवून गरम करायचं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाला असलेलं ऑइलचं भांडं. त्याच्या तळाचा बोल्ट काढायचा आणि रात्रभर निथळू द्यायचं. बाकीचे मिस्त्री पंधरा मिनिटं द्यायचे. बोल्टाखालची तांब्याची वायसर, म्हणजे चकती, दुसरा कुणी फेकून नवी घालेल, हे ती भात्यावर लाल करून पाण्यात टाकायचे, की मऊ व्हायची आणि पुन्हा घट्ट बसायची. आणि एक नियम असा, की उतरवलेलं ऑइल परत इंजिनात घालायचं नाही. एका गूळवाल्या शेठजींनी एकदा म्हटलं होतं, मिस्त्री, गाळून तेच घाला की, काय बिघडतंय. मिस्त्रींनी बॉनेट बंद केलं आणि म्हणाले, "घेऊन जावा गाडी."

हे उतरवलेलं जळकं ऑइल मात्र वाया जात नसे. शेजारचे दाजिबा सुतार ते दारांच्या चौकटींना लावायला न्यायचे, वाळवी लागत नाही म्हणून. त्या संध्याकाळीही ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"काय मिस्त्री, लेकीकडं चाललाय म्हणं?"

गाडीखालून हात आला आणि घमेलं सरळ करून गेला.

"चाललाय तर चाललाय. पण पाणी हितनं नेणार म्हणत्यात बायका. धारवाडला काय नळ न्हाईत व्हय?"

"दाजिबा," मिस्त्री खालून म्हणाले, "ऑइल पायजे का नगं?"

"पायजे की."

"मग गप घरी जा. दसरा झाला की ने."

दाजिबा हसत गेले. बोलले ते खरंच होतं.

शशिकला आमची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिनं धारवाडच्या बसवराज हिरेमठ नावाच्या मुलाशी कचेरीत जाऊन लग्न केलं. तो कोल्हापुरात चित्रकला शिकायला आला होता. जात वेगळी, भाषा वेगळी, आणि आम्हाला कळलं ते सह्या झाल्यावर. मिस्त्री ओरडले नाहीत. "तिच्या घरचं पाणी पिणार न्हाई," एवढंच म्हणाले. आमच्याकडं तसंही लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नसत, पण ती रीत वेगळी आणि हे वेगळं. त्याच महिन्यात ती रुग्णवाहिका दारात आली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. शशीनं पत्र लिहून विचारलं होतं. मिस्त्रींनी ते वाचून खिशात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही, मलाही देऊ दिलं नाही. मुलगी झाली ती धारवाडलाच. मग दुसरं पत्र आलं. आई, बारसं दसऱ्याला दुपारी चारला आहे. तू आणि आबा दोघांनी यावं. आबा नाही आले तरी नाव ठेवायचं थांबणार नाही. पण मी पुन्हा बोलावणार नाही, हे एकदाच.

शशी बापावर गेलेली. बोलावणार नाही म्हणाली म्हणजे बोलावणार नाही.

मिस्त्रींनी चार दिवसांनी तोंड उघडलं. "घरगाडीनं जाऊ. सैपाक आपला, पाणी आपलं, झोपायचं गाडीत. नाव ठिवलं की म्हागारी."

मी लगेच हो म्हटलं. त्यांनी धारवाडच्या रस्त्यात विहीर खणायची म्हटली असती तरी हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यासारख्या घरात तो दिवस दिवाळीहून मोठा. सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूनं झाकायची. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. एका वर्षी एका पुढाऱ्याची जीप ऐन दसऱ्याला दारात बंद पडली होती. बरोबरच्या माणसांनी आधी विनवलं, मग दम दिला. मिस्त्रींनी त्यांना बसायला बाज दिली, चहा दिला, आणि संध्याकाळपर्यंत पान्याला हात लावला नाही.

पूजा मांडायचं काम तानूआत्यांचं. त्या मिस्त्रींच्या आत्या. लहानपणीच विधवा होऊन परत आलेल्या, आणि आई नसलेल्या मिस्त्रींना त्यांनीच वाढवलेलं. हत्यारं मोजून मांडायच्या आणि मोजून उचलायच्या.

सकाळी मिस्त्रींनी घमेल्यातलं जळकं ऑइल डब्यात ओतून दाजिबांसाठी बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "नवं ऑइल आजच ओता की, हत्यारं पूजेला जायच्या आत."

"निथळू दे अजून. उद्या सकाळी वततो आन् निघतो. वतायला काय पाना लागतोय?"

ते खरं होतं. बोल्ट ते पूजेआधी लावतीलच असं मी धरून चालले. मला कामं होती. डिंकाचे लाडू वळायचे होते, आणि सातव्या दुपट्याची कडा शिवायची राहिली होती. माझ्या जुन्या साड्या आणि मिस्त्रींची जुनी धोतरं, धुऊन धुऊन मऊ झालेली, त्यांची ती दुपटी. दुपारी पूजेला नमस्कार केला. झेंडूच्या राशीत काय काय होतं ते मी बघितलं नाही.

दसऱ्याला पाचला उठले. सडा टाकला, गाडीसमोरपासून उंबऱ्यापर्यंत रांगोळी काढली, गाडीला हार घातला. सामान आदल्या दिवशीच भरलं होतं. साडेपाचला मिस्त्रींना हाक मारली. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"उठतोय."

पावणेसहाला पुन्हा हाक मारली. "उठतोय की."

सहा वाजता उठले, आणि मग न्हाणीत गेले ते येईनात. पाण्याचा आवाजही येत नव्हता. साडेसहा झाले. मी नवी साडी नेसून अंगणात उभी होते. मला वाटलं, एक काम तरी कमी करावं. ऑइल ओतताना मी त्यांना वीसेक वेळा बघितलं होतं. त्या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली असतं. झाकण उचलायचं, पितळी टोपण फिरवायचं, नरसाळं लावायचं आणि पाच लिटरचा डबा सावकाश रिकामा करायचा. सगळं आत बसूनच. डबा जड होता, म्हणून तो मांडीवर टेकवून ओतलं. नवं ऑइल मधासारखं दिसतं. थोडं राहिल्यावर ऑइलची पातळी बघायची काडी काढून बघितली, तर कोरडी. पुसून पुन्हा बघितली. कोरडी. मग राहिलेलंही ओतलं.

तेवढ्यात ओसरीवरून आत्याबाईंचा आवाज आला.

"इंदे, अगं गाडीखालनं काय व्हातंय?"

मी उतरले. घमेलं आदल्या दिवशीच उचललेलं होतं. पाच लिटर ऑइल गाडीखालून निघून सारवलेल्या अंगणावर पसरलं होतं आणि रांगोळीत शिरलं होतं. पांढऱ्या रेघा आधी पिवळ्या झाल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. माझी साडी खालून भिजली होती.

मिस्त्री ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून न्हाणीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी ऑइल बघितलं, रिकामा डबा बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "मीच ओतलं. खाली बोल्ट लावलेला नसेल असं माझ्या मनातच आलं नाही."

"यायचं काय कारण," ते म्हणाले.

"कुठं आहे बोल्ट?"

ओसरीवरून आत्याबाई म्हणाल्या, "पूजेत हाय."

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "पूजेत हाय. आता सांजच्यापातुर उचलता येत न्हाई." शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवणाऱ्या मुलाचा असतो तसा त्यांचा आवाज होता, एका सुरात. पण त्या वेळी माझं लक्ष तिकडं नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच, की आत्याबाईंनी हत्यारं गोळा करताना गाडीखालचा बोल्टही उचलला, मी न बघता ओतलं, आणि आज दसरा, ऑइलचं दुकान एक उघडं मिळणार नाही. चार वाजता बारसं. धारवाड एकशेऐंशी किलोमीटर.

मी त्यांना दोष दिला नाही. द्यायला काही सापडलं नाही.

"तुम्ही राहा," मी म्हटलं. "मी यष्टीनं जाते."

मी घरात जाऊन साडी बदलली आणि गाडीतलं सामान बाहेर काढायला लागले. लाडवांचा डबा काढला. बाळाच्या वाळ्यांची पुरचुंडी काढली. माझी पिशवी काढली. शेवटी दुपट्यांचा गठ्ठा घेऊन खाली उतरले, तोवर मिस्त्री त्याच जागी उभे होते. मी एक एक वस्तू ओट्यावर ठेवत होते आणि ते बघत होते. मग ते वळून आत गेले.

अंगणातून पाट दिसत होता. ते पूजेपुढं बसले.

आत्याबाई म्हणाल्या, "शिरपा, नमस्कार करून उचल."

"केला."

त्यांनी झेंडूची फुलं बाजूला केली, मधोमध हात घातला आणि बोल्ट काढला. शोधावा लागला नाही. तांब्याची वायसर तापवून, मऊ करून त्यात घातलेलीच होती. मग एकोणीस नंबरचा पाना उचलला. त्याच्यावरचं हळदकुंकू त्यांनी पुसलं नाही. टॉवेलवरच गाडीखाली शिरले, त्या सांडलेल्या ऑइलात, आणि बोल्ट आवळून बाहेर आले. पाठ सगळी चकाकत होती.

"फडकं दे," मला म्हणाले. "पातळ. सुती. धुतलेलं."

घरात होती नव्हती ती सगळी फडकी हत्यारं पुसायला गेलेली होती. माझ्या हातात दुपट्यांचा गठ्ठा होता. मी वरचं एक काढून दिलं. त्यांनी ते उलगडलं, बघितलं. त्यांच्याच धोतराचं होतं. दाजिबांसाठी ठेवलेला जळक्या ऑइलचा डबा त्यांनी ओढला, नरसाळ्यावर दुपटं पसरलं आणि थोडं थोडं गाळत ओतायला लागले.

मी म्हटलं, "हे चालतं?"

"धारवाडपातुर चालतंय."

"तुम्ही कधी घातलं नाहीत."

"घालतोय न्हवं आता."

एवढ्यात दाजिबा दसऱ्याचा नवा फेटा बांधून कुंपणापाशी आले. त्यांनी पाना बघितला, डबा बघितला.

"मिस्त्री, माझं ऑइल?"

"गेलं."

"आन् चौकटीस्नी काय लावू?"

"हळदकुंकू लाव."

पावणेआठला आम्ही निघालो. आत्याबाई रांगोळीवर राख टाकत होत्या. त्यांनी वर बघून हात केला.

वाटेत मिस्त्री पुन्हा पुन्हा थांबले. काडी काढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. निपाणी, संकेश्वर, बेळगाव. माझ्या चुकीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मी वाट बघत होते, बोलतील म्हणून. कित्तूरच्या पुढं मीच म्हटलं, "पाच लिटर गेलं."

"गेलं तर गेलं," ते म्हणाले, आणि समोर बघत राहिले.

अडीचच्या सुमारास पोचलो. बसवराजचं घर एका उतारावर होतं, पुढं लिंबाचं झाड. मिस्त्रींनी गाडी झाडाखाली लावली आणि चाकांना दगड दिले. हे काम त्यांनी पुष्कळ वेळ केलं. बसवराज पांढऱ्या सदऱ्यात बाहेर आला. वाकून नमस्कार करायला गेला, तर मिस्त्रींनी दोन्ही हात मागं घेतले.

"हात काळं हाईत," ते म्हणाले.

बसवराज पायाला हात लावून उभा राहिला. त्याचं मराठी तेव्हा बरंच कच्चं होतं. "बाहेर उन्हात नको मामा, आत या," म्हणाला.

"मी गाडीत बरा हाय."

मग शशी आली. बाळ तिच्या सासूच्या हातांवर होतं. शशी बारीक झाली होती. तिनं बापाकडं बघितलं नाही, माझ्याकडची पिशवी घेतली, दुपटी काढून मोजली. लहानपणापासून तिला मोजायची सवय.

"सहाच?"

"सात होती. एक सकाळी गाडीला लागलं."

"गाडीला दुपटं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. बोल्ट पूजेत गेला, मी न बघता ऑइल ओतलं, दुकानं बंद, आबांनी पूजेतला पाना उचलला आणि उतरवलेलं ऑइल गाळून घातलं. सांगताना मला वाटत होतं की मी माझ्या वेंधळेपणाची गोष्ट सांगतेय. शशीनं मधे एकदाही विचारलं नाही. गॅरेजात वाढलेली पोर. ती हळूच बापाकडं वळली.

"आबा, जळकं घातलंसा?"

"व्हय."

"पाना पूजेतला?"

"व्हय."

ती आत निघून गेली. मला वाटलं, चिडली. परत आली ती पाण्यानं भरलेली कळशी आणि साबणाची वडी घेऊन.

"हात धुवा."

मिस्त्रींनी कळशीकडं बघितलं, मग गाडीतल्या आपल्या डब्याच्या तोटीकडं. बसवराजची आई कानडीत काहीतरी म्हणाली आणि बाळाला दुसऱ्या हातावर घेतलं.

"धुवायला चालतंय," मिस्त्री म्हणाले.

शशी पाणी ओतत राहिली आणि ते हात चोळत राहिले. नखांतलं काळं निघत नव्हतं. कळशी संपली. मग शशीनं बाळ आणून त्यांच्या हातात दिलं. ते तिला पाना धरावा तशी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. बसवराज म्हणाला, "मामा, जरा सैल."

चारला नाव ठेवलं. गिरिजा. मिस्त्रींनी गाडीतच आमटीभात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही. "नाव ठिवलं की म्हागारी" हे कुणी काढलं नाही. बसवराज ओळखीच्या एका ड्रायव्हरकडून नव्या ऑइलचा डबा घेऊन आला. मिस्त्रींनी त्याला गाडीखाली बॅटरी धरायला लावली आणि वायसर का तापवायची ते समजावलं. त्याला किती कळलं देव जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डब्यातलं कोल्हापूरचं पाणी संपलं. मिस्त्रींनी डबा उचलून शशीच्या हातात दिला. ती आत गेली, भरून घेऊन आली. त्यांनी तोटीखाली भांडं धरलं आणि प्यायले.

ही गोष्ट मी पुढं सात वर्षं सगळ्यांना सांगत होते. शाळेत बाईंना, नात्यात लग्नकार्याला. एवढं पाच लिटर ऑइल बायकोनं दसऱ्याच्या सकाळी मातीत घातलं, पण माणूस एका शब्दानं बोलला नाही. मिस्त्री जवळ असले तर उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, कौतुक ऐकायला लाजतात.

१९८५ च्या खंडेनवमीला तानूआत्या अंथरुणावर होत्या. बाजेवर पडल्या पडल्या मला सांगत होत्या आणि मी हत्यारं मांडत होते. कानस डावीकडं, हातोडा उजवीकडं. सगळं मांडून झालं, तर म्हणाल्या, "आन् बोल्ट?"

"कुठला बोल्ट?"

"त्या साली ठेवलावता त्यो. गाडीचा."

"तो तुमच्या हातून चुकून आला होता, आत्याबाई."

"माझ्या हातनं? मी कशाला गाडीखाली जाऊ गं. त्यानंच दिला आणून, वायसर घालून. म्हनला आत्या, ह्यो मधी ठेव, फुलाखाली. म्हटलं, आन् मग गाडी कशी जायची रे उद्या? तर काय बोलला न्हाई."

मी हातातलं फूल खाली ठेवलं. "मग तेव्हा मला का नाही सांगितलंत?"

"तू कुठं इचारलंस. आन् गाडी गेली न्हवं?"

एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या. मी उरलेली फुलं वाहिली. त्या दिवसापासून ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मिस्त्रींनाही काही विचारलं नाही.

तानूआत्या त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेल्या. दाजिबांच्या चौकटी शेवटपर्यंत टिकल्या. पुढं घर पाडलं तेव्हा मजुरांनी त्या अख्ख्या काढून नेल्या, असं ऐकलं. बसवराज ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाला. आता तो माझ्याहून चांगलं मराठी बोलतो आणि मला कानडी पेपर वाचून दाखवतो. शशीचे केस पांढरे झालेत. गिरिजा शिमोग्याला जनावरांची डॉक्टर आहे. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरगाडीच्या अरुंद फळीवर झोपायची, पाय बाहेर यायला लागले तेव्हाच तिनं ते सोडलं. ती स्वतः गाडी चालवते, पण ऑइल शोरूममध्ये जाऊन बदलून आणते. मी गेली अकरा वर्षं शशीकडं धारवाडलाच असते. तिच्या घरचं जेवते आणि तिच्या घरचं पाणी पिते.

घरगाडी १९९४ मध्ये भंगारात दिली. मिस्त्री त्यानंतर दोन वर्षांनी गेले. जायच्या आधीच्या दसऱ्याला ते ओसरीवर खुर्चीत बसले होते आणि मी अंगणात रांगोळी काढत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, त्या साली तू ऑइल वतलं नसतंस तर..."

मी हात थांबवला. "तर काय?"

ते रांगोळीकडं बघत राहिले.

"तर काय न्हाई," म्हणाले. "रांगोळी ऱ्हायली असती."